मुलीचे ठरत नाही तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. मी शाळेत शिकवीत असे. निकाल लागले की आया मुलींना घेऊन घरी येत. मी निवृत्त झाले तरी ती ये-जा थांबलेली नाही. गाऱ्हाणे एकच : “बाई, हिचे काही ठरतच नाही हो!”

पंधरा-सोळाव्या वर्षी पुढचे ठरलेले नसणे हा दोष नव्हे. जिने डॉक्टरीण, शिक्षिका आणि बँकेतल्या बाई एवढेच पाहिले, तिने निवडावे तरी कशातून? धोका निराळाच आहे. मुलीचे ठरत नाही असे दिसले, की घरातले ठरवू लागतात. “तोवर एखादे स्थळ पाहून ठेवू,” असे कोणी तरी सहज म्हणते, आणि त्या ‘तोवर’मध्येच शिक्षण संपते. म्हणून हा काळ रिकामा जाऊ देऊ नये.

पहिली गोष्ट, विषय आवडणे वेगळे आणि काम आवडणे वेगळे. जीवशास्त्रात गुण मिळाले म्हणून नर्सची रात्रपाळी मानवेलच असे नाही. आपल्या नात्यागोत्यात, या मंडळातही, नाना कामे करणाऱ्या भगिनी आहेत. मुलीला एकेक दिवस त्यांच्याकडे पाठवा. दिवसभर हाताने काय करावे लागते, कंटाळा कशाचा येतो, पगार किती पडतो, हे तिने स्वतः विचारावे.

दुसरी गोष्ट, पक्के होईपर्यंत दारे लावून घेऊ नका. विज्ञानाकडून पुढे कला-वाणिज्याकडे वळता येते, उलट वळणे कठीण. पण तेवढ्यासाठी नावडते विज्ञान तिच्या गळ्यात बांधू नका. दहावीनंतर तंत्रनिकेतनातली तीन वर्षांची पदविका घेतली, तर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. बारावीनंतरचा कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सर्व शाखांना खुला आहे. शिक्षण मध्येच सुटलेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीही १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

तिसरी गोष्ट, पैशाचा हिशेब मुलीसमोर करा. “परवडत नाही” म्हणण्याआधी चौकशी करा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत पद्धतीने झालेला हवा. दाखले वेळेवर काढून ठेवणे हे आईचे काम.

चौथी गोष्ट, पहिली निवड म्हणजे जन्माची गाठ नव्हे. इरावतीबाई कर्वे यांनी फर्ग्युसन कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली, मग मुंबईत समाजशास्त्र केले आणि बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात डॉक्टरेट घेतली. अ‍ॅना मणी १९४५ साली भौतिकशास्त्रासाठी इंग्लंडला गेल्या, पण तेथे वाट्याला आले हवामानाच्या उपकरणांचे काम. त्यांनी तेच मन लावून शिकून घेतले. १९४८ साली परतून त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या, ती उपकरणे देशात तयार व्हावीत म्हणून झटल्या आणि पुढे खात्याच्या उपमहासंचालक झाल्या. जी वाट मिळाली ती नीट चालल्यानेच तिची गोडी त्यांना कळली असेल.

मात्र शोधालाही मुदत हवी. मुलीला सांगा, “सहा महिने तुझे. या दिवसांत तीन कामे पाहा, तीन माणसांना भेट आणि जे दिसले ते वहीत लिही.” मुदत सरली की वही घेऊन दोघींनी बसावे. निवड तिनेच करावी. आपण तिच्या डोक्यावरून हात फिरवावा, आणि तोवर कोणी स्थळाची चिठ्ठी पुढे केलीच, तर ती नम्रपणे परत करावी. हे धैर्य मात्र तुम्हा-आम्हालाच दाखवावे लागेल.