फोम, हवा आणि बाजूची फट

आज गादीतल्या फोमबद्दल बोलू. हसू नका, फोममधून हवा किती जाते याची प्रयोगशाळेत रीतसर टेस्ट होते. आतल्या पेशी जास्तच बंद राहिल्या, तर ताजा ब्लॉक थंड होताना आकसतो.

करायचं काय? साधारण 5 बाय 5 सेंटिमीटरचा, अडीच सेंटिमीटर जाड तुकडा खाचेत बसवायचा, खालून हवा ओढायची. दोन्ही बाजूंच्या दाबात 125 पास्कलचा फरक ठेवायचा, म्हणजे नळीतलं पाणी जेमतेम सव्वा सेंटिमीटर हलेल एवढाच. मग मिनिटाला किती लिटर हवा गेली ते वाचायचं.

जुन्या मशीनवर सगळं हाताने. डोळा मॅनोमीटरवर, हात व्हॉल्व्हवर, आणि रोटामीटरमधला फ्लोट स्थिर होईपर्यंत थांबायचं. आता सेन्सर आले, ब्लोअरचा वेग कंट्रोल लूप जुळवतो.

असाच एक लूप मी लिहिला होता. एकाच ब्लॉकचे तुकडे, पण रीडिंग वर-खाली. दोन दिवस मी कोडच उकरत बसलो. शेवटी लॅबमधल्या काकांनी तुकड्याच्या कडेला बोट ठेवलं. "इथून जातेय बघ." तुकडा एका बाजूने किंचित कमी कापला गेला होता. हवा फोममधून जायचं सोडून फटीतून पळत होती, आणि माझं सॉफ्टवेअर ती दोन दशांशांपर्यंत दाखवत होतं! मोठा तुकडा कोंबला तर उलटं: पेशी दबतात, आकडा घसरतो.

मग मी स्क्रीनवर एक प्रश्न टाकला, 'कडा तपासल्या का?' काका तो न वाचताच ओके दाबतात. त्यांना गरज नाही म्हणा.