दस्ता कोणाच्या मापाचा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस शिक्षण या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले होते. त्या विषयावर आम्ही याच व्यासपीठावरून तीन वेळा बोललो आहो आणि तिन्ही वेळा आपण ते निमूटपणे सहन केले. यंदा चिटणीसांची परवानगी काढून आम्ही आपल्या सुतारकीतल्याच एका कामाविषयी बोलणार आहो. ते काम म्हणजे शिकारी रायफलीचा दस्ता स्त्रीच्या खांद्याला बसेल असा घडविणे. जन्मभर हातात खडू धरलेल्या मास्तराने हा विषय का घ्यावा, असे कोणी मनात म्हणेल. हे काम आमच्या हातून झालेले नाही. आम्ही केवळ दोरा धरला होता. तो कसा, ते ओघाने येईलच.

आमचे तीर्थरूप अण्णा कोल्हापुरात बंदूकदुरुस्तीच्या एका परवानाधारक दुकानात लाकूडकामास होते. नळी, चाप, बोल्ट ही लोखंडाची कामे दुसऱ्याकडे. फुटलेला, तडकलेला, वाळवी लागलेला दस्ता अण्णांकडे. त्या काळी परवाना काढून शिकार करता येत असे. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला आवर घातला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचा मार्ग आपल्या देशात बंदच झाला. तो झाला हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे. परंतु आज सांगावयाची गोष्ट १९६९ सालच्या दिवाळीनंतरची आहे. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो.

एका इनामदार घराण्यातील सूनबाईंना शिकारीची आवड होती. यात नवल वाटावयास नको. बडोद्याच्या इंदिराराजे यांच्या कन्या गायत्रीदेवी यांनी वयाच्या बाराव्या वर्षी पहिला बिबळ्या मारल्याचे आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. मोठ्या घरांत बंदूक मुलींच्या हाती जात असे. मात्र पुष्कळदा ती बंदूक मुळात घरातल्या एखाद्या पुरुषासाठी आणलेली असे. या वहिनीसाहेबांची रायफलही सासऱ्यांचीच होती. ली-एनफील्ड घडणीची, थ्री-फिफ्टीन बोअरची. थोरल्या सरकारांनी सुनेच्या नावे परवाना काढून दिला होता. पण चार गोळ्या झाडल्या की त्यांचा खांदा काळानिळा पडे, गालाचे हाड दुखे आणि पाचव्या गोळीस डोळे आपोआप मिटत. घरातली पुरुषमंडळी म्हणू लागली, बाईमाणसाचा तो हात नव्हे, दाखवायची हौस झाली ती पुरे. त्या हिवाळ्यात नेम साधला नाही तर रायफल दिरांकडे जावयाची, असे ठरले होते.

दुकानाच्या मालकांनी प्रथम सोपा उपाय केला. ली-एनफील्ड रायफलीचा मागचा दस्ता हा वेगळा तुकडा असतो आणि लांब बोल्टाने तो पुढच्या भागास आवळलेला असतो. म्हणून तो काढून दुसरा बसविता येतो. इंग्रजांच्या फौजेत या दस्त्याची मापे एकाहून अधिक होती. नेहमीचा एक, त्याहून अर्धा इंच लांब एक, अर्धा इंच आखूड एक, आणि 'बँटम' म्हणून पुरा एक इंच आखूड असा एक. पहिल्या महायुद्धात पाच फूट तीन इंचांहून ठेंगण्या शिपायांच्या ज्या पलटणी उभारल्या, त्यांनाही बँटम हेच नाव होते. फौजेला दयामायेसाठी प्रसिद्धी नाही. तरीही सर्वांचे हात एका लांबीचे नसतात हे तिने मान्य करून लाकडावर तशी अक्षरे ठोकली होती. मालकांनी जुन्या सामानातून 'एस' म्हणजे आखूड असा शिक्का असलेला दस्ता शोधला, बसविला आणि रायफल परत पाठविली.

आठ दिवसांनी ती पुन्हा दुकानात आली. खांद्याचे दुखणे होते तसेच होते, आणि आता उजव्या हाताचा अंगठा धक्क्यासरशी नाकावर आदळू लागला होता. तेव्हा मालक अण्णांना म्हणाले, "मिस्त्री, वाड्यावर जाऊन एकदा बघून या."

आता बघावयाचे कसे? खानदानी घरातील सून, आणि तिच्या हाताचे, मानेचे माप घेणार एक सुतार! अण्णांनी यावर तोड काढली. ते आम्हांस बरोबर घेऊन गेले. अकरा वर्षांच्या मुलाने जवळ जाण्यास हरकत नव्हती. वाड्याच्या सोप्यात अण्णा चार हात दूर उभे राहिले आणि दोरा आमच्या हाती दिला.

अण्णांनी प्रथम रायफलीचा बोल्ट काढून आपल्याजवळ ठेवला आणि नळीतून उजेड दिसतो ना ते पाहिले. मग म्हणाले, "वहिनीसाहेब, डोळे मिटा. मिटल्या डोळ्यांनीच बंदूक खांद्याला लावा, जशी सहज बसेल तशी. आता डोळे उघडा. काय दिसतं?" वहिनीसाहेबांनी सांगितले की मागच्या खाचेचे लोखंड तेवढे दिसते, टोकावरची माशी दिसतच नाही. अण्णांनी हे तीनदा करविले. तिन्ही वेळा तेच. खाच आणि माशी एका रेषेत आणण्यासाठी एक तर मान पुढे ताणून गाल लाकडावर दाबावा लागे, नाही तर डोके उचलून गाल अधांतरी ठेवावा लागे.

नंतर त्यांनी दस्त्याच्या वरच्या कडेला, जिथे गाल टेकावयाचा असतो तिथे, उगाळलेले गंध लावावयास सांगितले. वहिनीसाहेबांनी नेम धरला. गंध गालावर उमटावयाचे, ते जबड्याच्या हाडाजवळ केवळ पुसटसे लागले. त्यांची मान लांब होती आणि गालाची हाडे उंच होती. लाकूड गालाच्या खाली राहत होते आणि मध्ये पोकळी पडत होती. गोळी सुटताच रायफल मागे येते, तशीच तोंडाने वर उसळते. दस्ता नळीच्या रेषेहून जितका खाली उतरलेला, तितकी ही उसळी अधिक. गाल आधीपासून लाकडाला टेकलेला असेल तर लाकूड गालाला घेऊन सरकते; मध्ये अंतर असेल तर तेच लाकूड ठोसा मारते.

आम्ही दोऱ्याने चापापासून दस्त्याच्या मागल्या टोकाच्या मध्यापर्यंतचे माप घेतले. ते पावणेतेरा इंच भरले. मग वहिनीसाहेबांनी कोपर काटकोनात वाकविले, दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत ठेवले, आणि तर्जनीचे पहिले पेर चापावर बरोबर आले. अण्णा काही वेळ गप्प राहिले. लांबी बरोबर होती! कोपराची ही परीक्षा ढोबळ आहे, खरे माप खांद्यालाच कळते, हे ते पुढे आम्हांस नेहमी सांगत. पण त्या दिवशी खांद्यालाही लांबी बरोबरच आली. मालकांनी चार सूत कमी केले त्यात चूक नव्हती. चूक होती ती एवढ्यानेच काम झाले असे समजण्यात. स्त्री म्हणजे आखूड हातांचा पुरुष, अशी समजूत करून दस्ता आखूड केला होता. तिची मान, गाल, छाती, हाताचा पंजा यांचा विचार कोणी केलाच नव्हता.

छातीचा प्रश्न नाजूक होता. दस्त्याच्या मागल्या टोकाचा खालचा कोपरा कोठे टोचतो हे अण्णांनी विचारले नाही. त्यांनी वाड्यातल्या एका वृद्ध बाईंना बोलावून त्यांच्याकरवी विचारून घेतले. उत्तर अण्णांच्या अपेक्षेप्रमाणेच आले. सपाट छातीवर तो कोपरा खांद्याच्या खोबणीत बसतो. स्त्रीच्या बाबतीत तो आतल्या बाजूस रुततो आणि सगळा धक्का त्या एका टोकावर येतो. तळहाताएवढ्या जागेवर पसरावयाचा भार बोटाएवढ्या जागेवर आला, तर काळेनिळे होणार नाही तर काय?

परत येताना दोऱ्याला चार गाठी होत्या. एक लांबीची, एक गालाच्या उंचीची, एक मनगटाशी दस्त्याचा घेर किती असावा त्याची, आणि चौथी खालचा कोपरा किती बाहेर वळवावयाचा त्याची.

घरी अण्णांनी अक्रोडाचा नवा दस्ता घडविण्यास घेतला. जुना दस्ता कापावयाचा नाही, अशी थोरल्या सरकारांची ताकीद होती. तो वेगळा काढून ठेवता येतो म्हणून बरे झाले. लाकूड निवडतानाच अण्णांचे दोन दिवस गेले. पकडीच्या जागी दस्ता सर्वांत बारीक असतो आणि मोडतो तो तिथेच. म्हणून लाकडाच्या रेषा त्या जागी लांबीला धरून सरळ धावल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर कितीही सुंदर नक्षी असली तरी ते लाकूड जळणाचे. वहिनीसाहेबांचा पंजा लहान, म्हणून घेर कमी करावयाचा. घेर कमी केला की लाकूड दुबळे होते. या दोहोंमधून वाट काढण्यासाठी कानस दोनदा चालवावी आणि एकदा थांबावे, असे त्यांचे चालले होते.

लांबी पावणेतेरा इंचच ठेवली. गालाची कड दोन सूत उंच केली आणि मागे फार उतरू दिली नाही. मागल्या टोकाचा तिरपेपणा बदलून खालचा कोपरा थोडा तासला आणि उजवीकडे, म्हणजे अंगाबाहेर, वळविला. मागे रबराची गादी बसविली. तिची जाडी लांबीत धरावयाची असते, हे विसरून कित्येक कारागिरांनी चांगले दस्ते बिघडविले आहेत. दस्ता पोकळ करून वजन कमी करावे अशी मालकांची सूचना होती. ती अण्णांनी मानली नाही. बंदूक जितकी हलकी तितका धक्का जोराचा. बाईमाणूस म्हणून हलके द्यावे, हा विचार वरून दयेचा दिसतो खरा. पण त्याचे दुखणे तिच्याच खांद्याला.

मार्गशीर्षात एका जुन्या खाणीत पन्नास यार्डांवर पुठ्ठा लावून वहिनीसाहेबांनी पाच गोळ्या झाडल्या. तीन पुठ्ठ्यावर, दोन बाहेर. हा काही चमत्कार नव्हे. परंतु पाचव्या गोळीनंतर त्यांनी सहावी मागितली, आणि अण्णांना तेवढे पुरे होते. रायफल दिरांकडे गेली नाही. त्या हिवाळ्यात त्यांनी चंदगडच्या रानात एक डुक्कर मारले. अण्णांना मजुरी मिळालीच, शिवाय आमच्या आईला एक लुगडे आले.

पुढच्या काळात जगात पुष्कळ बदल झाला. जिथे शिकार कायद्याने चालते त्या अमेरिकेत वेदरबी या कंपनीने २०१६ साली 'कॅमिला' नावाची स्त्रियांसाठी घडविलेली शिकारी रायफल बाजारात आणली. तिचा दस्ता तेरा इंचांचा, पकड बारीक, गालाची कड उंच आणि मागचे टोक छातीपासून बाहेर वळविलेले. तिचे वर्णन वाचले तेव्हा आम्हांस त्या चार गाठी आठवल्या. आपल्याकडे शिकार गेली, नेमबाजी राहिली. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर रायफलीत जगज्जेत्या झाल्या. स्पर्धेच्या रायफलींत आता गालाची पट्टी आणि मागची पाटी स्क्रूने वरखाली, आतबाहेर करता येते. कानस लागत नाही.

येथवर अण्णांचे कौतुक झाले. आता जे सांगावयाचे ते सांगताना जीभ अडखळते.

आमच्या वडील भगिनी आक्का त्या वर्षी चौदा वर्षांच्या होत्या. करवत आमच्यापेक्षा त्यांना सरळ चालविता येई. आम्ही आठ वर्षांचे झालो तेव्हा अण्णांनी आमच्या पंजाच्या मापाचा एक लहान रंधा करून दिला होता, मुलगा धंदा शिकेल म्हणून. आम्ही तो कधी मनापासून धरला नाही. आक्का दुपारी सर्व निजले की त्यावर लाकूड काढीत. एकदा त्यांनी अण्णांजवळ आपल्या हाताचा रंधा मागितला. अण्णा अक्रोडाची कड तासत होते. मान वर न करता ते म्हणाले, "तुला काय करायचाय? सासरी जाणार तू." आम्ही तेथेच बसलो होतो, आणि हसलो होतो. परक्या घरच्या सुनेसाठी दोन-दोन सुतांचा विचार करणाऱ्या त्या हातांना आपल्या मुलीच्या हाताचे माप घ्यावेसे वाटले नाही. अण्णा वाईट होते असे नव्हे. ते काम त्यांच्याकडे कोणी घेऊन आले नव्हते, एवढेच.

आक्का आज सत्तर वर्षांच्या आहेत आणि समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. आम्ही हे बोलणार हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी रागावू नये.

गेल्या पावसाळ्यात आमची नात शहरातल्या एका क्लबात एअर रायफल शिकू लागली. क्लबाची रायफल जुनी, गालाची पट्टी नसलेली. शिक्षक म्हणाले, मुलगी डोके फार उचलते, तिचे लक्ष नसते. आम्ही आक्कांना घेऊन गेलो. त्यांनी मुलीला डोळे मिटून रायफल धरावयास सांगितली, मग डोळे उघडावयास सांगितले, आणि शिक्षकांकडे पाहून म्हणाल्या, "लक्ष आहे. लाकूड नाही." घरी येऊन त्यांनी सागाचा एक तुकडा घेतला, आमच्याच त्या लहान रंध्याने काढला, खाली बनात चिकटवली आणि तो दस्त्यावर पट्ट्याने बांधला. माप घेताना दोरा आम्ही धरला होता. तुकडा अडीच सूत जाड झाला आहे. अर्धा सूत अजून काढावा लागेल असे आक्कांचे म्हणणे आहे. येत्या रविवारी तो काढावयाचा आहे.