शिक्का आणि त्याची पेटी



कोरियातील जोसॉन घराण्याच्या राजमुद्रा वस्त्रात गुंडाळून आतल्या पेटीत ठेवीत आणि ती पेटी पुन्हा बाहेरच्या कुलूपबंद पेटीत. मुद्रा घडविताना जेवढी निगा, तेवढीच पेटी करताना! २०१७ साली त्या संग्रहाची नोंद युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावर झाली. हे वाचले आणि मनात आले, आपण आपले शिक्के कशात जपले?

मराठी राज्यात शिक्का म्हणजे प्रत्यक्ष अधिकारच. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळाली. या पदाची खूण म्हणजे वस्त्रे आणि शिक्के-कट्यार. पत्राच्या आरंभी मुद्रा उमटे, अखेरीस मोर्तब. शिवकालीन मोर्तबावरील 'मर्यादेयं विराजते' ही अक्षरे सांगतात की मजकुराची सीमा येथे झाली. मागाहून कोणी एक ओळही घुसडू नये. लांब कागदाच्या जोडावरसुद्धा शिक्का करीत. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण ते दोन निराळ्या ठशांचे जोडनाव आहे हे विसरून.

धातूचे शिक्के थोडे उरले. ठसे उरले ते कागदांवर, आणि कागद राहिले रुमालांत. पुण्याचे पेशवे दफ्तर अशाच रुमालांत बांधलेले. माझ्या मते हा साधा कापडी रुमाल हीच आपली मुद्रापेटी.

आपल्या पांढुर्णा-सौंसरने किती शिक्के पाहिले! देवगडचे गोंड राजे, नंतर नागपूरकर भोसले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि इंग्रजी शिक्का आला. १९५६ साली नागपूर महाराष्ट्राच्या वाटेने मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी शिक्का. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा तो शिक्काही बदलला.

माझ्या आजोळी माळ्यावर असा एक रुमाल होता. एका दिवाळीच्या आवराआवरीत कापड चांगले म्हणून धुऊन ठेवले गेले. कागद बंबात गेले. त्यांवर कोणाची मुद्रा होती, हे आता कोण सांगणार?

आपल्या माळ्यांवर काही उरले असेल तर ते ग्रंथालयाला दाखवा. ठशावरून घडी घालू नका, चिकटपट्टी लावू नका. आणि ग्रंथपालमहोदयांना एक नम्र विनंती : पुस्तकांवर मारतो तो आपला रबरी शिक्का त्या कागदांवर मात्र उमटवू नये.