बढती मिळाली, पेशंट सुटला!
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



नर्सिंगला प्रवेश कसा मिळतो, हे पुष्कळ पालक विचारतात. वीस वर्षांनी आपली मुलगी कुठे पोचलेली असेल, हे सहसा कुणी विचारत नाही. आज त्याबद्दल बोलते.

नेहमीची वाट आपल्या ओळखीची आहे. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. चार वर्षांचं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली की नोकरी. जीएनएम किंवा बी.एस्सी. करून सरकारी रुग्णालयात लागलात तर अधिपरिचारिका, मग परिसेविका, म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, आणि त्यावर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. एम.एस्सी. केलेल्या बऱ्याच जणी कॉलेजात शिकवायला जातात. आता बघा, यातल्या प्रत्येक पायरीवर पेशंट थोडा लांब जातो. इन्चार्जचा दिवस ड्युट्या लावण्यात, इंडेंट भरण्यात आणि साठ्याचं रजिस्टर जुळवण्यात सरतो. ही कामं कुणीतरी करायलाच हवीत. पण आयसीयूत मुरलेल्या बाईला बढती द्यायची म्हणजे तिला आयसीयूतूनच उठवायचं, हा कुठला हिशेब?

नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पना या पेचातून वाट काढते. तिची सुरुवात 1965 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत झाली. लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्याचं काम केलेल्या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ. खेड्यापाड्यांतल्या मुलांना डॉक्टर कमी पडत होते. नर्स मात्र त्यांच्यापर्यंत पोचत होत्या. मग त्यांनाच तपासणीचं आणि निर्णय घेण्याचं जादा शिक्षण का देऊ नये? विरोध झालाच, आणि तो फक्त डॉक्टरांनी केला असं नाही. नर्सिंगच्या प्राध्यापकांनीही नाकं मुरडली. आज तिथे साडेतीन लाखांहून अधिक नर्स प्रॅक्टिशनर आहेत. निम्म्याहून अधिक राज्यांत त्या स्वतंत्रपणे निदान करतात, औषधं लिहून देतात. इतर राज्यांत डॉक्टरांशी करार किंवा त्यांची देखरेख लागते.

आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला: नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. बी.एस्सी., नोंदणी आणि निदान वर्षभराचा अनुभव असेल तर त्याला प्रवेश घेता येतो. वर्गापेक्षा वॉर्डात जास्त वेळ जातो. बाळंतपणासाठी मिडवायफरीचा दीड वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. मिडवायफरी सेवांबाबत केंद्राच्या मार्गदर्शक सूचना 2018 मध्ये आल्या.

या शिक्षणाने नेमका काय फरक पडतो? रात्रीचे तीन वाजलेत. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजतो, सॅच्युरेशन उतरायला लागतं. नवखी सिस्टर मशीनकडे धावते. मुरलेली आधी पेशंटकडे बघते. श्वासाची नळी सरकली का? ओठाशी सेंटिमीटरची खूण होती तिथेच आहे का? कफाने तुंबली का? छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलते का, की एका बाजूचा श्वास ऐकूच येत नाही? मशीन आणि सर्किट सगळ्यात शेवटी. इथवर अनुभव पुरतो. पुढे फोन करायचा आणि वाट बघायची. नर्स प्रॅक्टिशनरला या ‘पुढे’साठी तयार करतात. पद्धतशीर तपासणी, एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, अर्थ लावणं, ठरलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे उपचार सुरू करणं, आणि डॉक्टरांना आत्ता, याच क्षणी उठवलं पाहिजे, हे ओळखणं.

आता दुसरी बाजू. हे शिकून भारतात स्वतःचा दवाखाना थाटता येत नाही. रुग्णालयाच्या लेखी प्रोटोकॉलच्या आणि स्टँडिंग ऑर्डरच्या चौकटीतच काम करावं लागतं. शिवाय अभ्यासक्रम आला, पण त्या नावाचं पद सगळीकडे आलेलं नाही. दोन वर्षं घासून पुन्हा जुन्याच पदावर, जुन्याच पगारावर रुजू व्हावं लागू शकतं.

म्हणून मुलींनो, आणि मुलांनोही, घाई करू नका. पहिली दोन वर्षं भरपूर पेशंट असलेल्या वॉर्डात काढा. शाखा कामातून सुचू द्या. गावातच राहायचं असेल, तर उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होणं हीही चांगली वाट आहे. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला कौन्सिलची मान्यता आहे का ते तपासा. आयसीयूत किती खाटा आहेत, लेखी प्रोटोकॉल आहेत का, हे विचारा. आधीच्या बॅचमधल्या दोघी-तिघींना गाठून पद आणि पगार विचारा. माहितीपत्रकात ते छापत नाहीत. परदेशाचा बेत असेल तर लक्षात घ्या, अमेरिकेत एनक्लेक्स ही परवाना परीक्षा पास झाल्यावर नोंदणीकृत नर्स होता येतं. नर्स प्रॅक्टिशनर व्हायला तिथलं पुढचं शिक्षण, प्रमाणपत्र आणि राज्याचा परवाना लागतो.

शेवटचं सांगणं रुग्णालयांच्या विश्वस्तांना. सरकारी पदनिर्मिती व्हायची तेव्हा होईल. पण अनुभवी, जादा शिकलेल्या सिस्टरला इन्चार्जइतका पगार देऊन पेशंटजवळच ठेवायचं, हा निर्णय तुमच्या पुढच्या बैठकीत होऊ शकतो. व्हेंटिलेटर घ्यायचा ठराव तुम्ही एकमताने करता. तो सांभाळणाऱ्या बाईंसाठीही एक ठराव करा.