संध्याकाळचा डबा
(रौप्यमहोत्सवानिमित्त संस्थेच्या सभासद असलेल्या एका आहारतज्ज्ञ भगिनीने दिलेले भाषण)



इमारतीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, हे आपल्याला उपविधींनी शिकवलं. आज मी शरीराचं ऑडिट सांगणार आहे. त्याला इंजिनिअर लागत नाही, शिंप्याचा टेप पुरतो. घरी जाऊन कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या वर आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर असेल, तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो.

"मी तर बारीकच आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपण भारतीय लोक वरून सडपातळ दिसलो, तरी आत चरबी साठवून बसलेले असू शकतो. त्यामुळे हा विषय फक्त जाड माणसांचा नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. मधल्या वेळेला खायचं की नाही? आपल्याकडे यावर दोन पक्ष आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित, ज्यांना ही दिशा कै. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांतून मिळाली, ते सांगतात की कडकडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखा, त्या वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवा, मध्ये काही खाऊ नका, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर सांगतात की थोडं थोडं खा, दर दोनेक तासांनी खा, आणि संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान काहीतरी सकस पोटात जाऊ द्या. एकाच घरात सासरे दीक्षितांचे आणि सूनबाई दिवेकरांच्या, असंही मी पाहिलंय.

पण नीट बघा. दोघांनीही एकाच गोष्टीला हद्दपार केलंय. येता-जाता डब्यात हात घालणं आणि टीव्हीसमोर पुडा संपवणं. खाण्याची वेळ ठरवा, हे दोघंही सांगतात. ज्याला जे झेपेल, ते त्याने करावं. फक्त मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.

आता आपल्या विठ्ठलवाडीचा हिशोब मांडू. एक वाजता ऑफिसात डबा खाल्ला. सहाला सुटलो, गर्दीत उभ्याने आलो, घरी पोचायला आठ वाजतात. सात तास उपाशी असलेल्या माणसाला स्टेशनबाहेर गरम वडा दिसला, तर तो काय करणार? खाणारच. वर घरी येऊन पूर्ण जेवण, आणि लगेच झोप. म्हणून माझं सांगणं एकच आहे. सकाळी दोन डबे भरा. दुसरा डबा लहान असू दे, आणि तो गाडीत चढायच्या आधी संपू दे.

त्यात काय भरायचं? मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे. कॅलरी साधारण ११०, प्रथिनं सहा ग्रॅमच्या आसपास. सोबत पेरू किंवा काकडी. किंवा अर्धी मूठ भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा लहान खडा. शेंगदाणे चांगलेच, पण त्यात तेल भरपूर, म्हणून मूठ अर्धी. एक केळं. एक उकडलेलं अंडं. मोड आलेल्या मुगाची सुकी उसळ. प्रथिनं आणि चोथा पोटात गेला की भूक थांबते. मैदा आणि साखर खाल्ली की तासाभरात पुन्हा लागते.

घरी असणाऱ्या मैत्रिणींनो, आपली अडचण वेगळी आहे. आपला चार वाजताचा चहा खारी-टोस्टाशिवाय उतरत नाही. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे म्हटलं, तर आठ चमचे, म्हणजे ३५-४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळणारही नाही.

आणि 'डाएट चिवडा' या नावाला भुलू नका. नुसत्या कोरड्या पोह्यांतच शंभर ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी असतात. त्यावर तेल, दाणे, पिठीसाखर. वाटी भरून खाल्ला, तर नाव काहीही असो, वजन वाढणारच. चिवडा लहान वाटीत घ्या आणि डबा बंद करून परत ठेवा.

उपवासाचंही बोलायला हवं. विठ्ठलाचं नाव लावलेल्या गावात राहतो आपण, एकादशी दुप्पट खाशी हे आपल्याला शोभत नाही! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा आणि तूप. त्याऐवजी थोडी भगर, दाण्याची पातळ आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक. उपवास मोडत नाही, पोटही शांत राहतं.

शेवटी कमिटीला एक विनंती. आपल्या वार्षिक सभेला पंचवीस वर्षं समोसा, वेफर्स आणि कोल्ड्रिंक चालत आलंय. त्या जागी यंदापासून मटकीची उसळ, एक फळ आणि ताक ठेवू. खर्च फार वाढणार नाही. आपल्यातले कितीतरी जण आता साठीला आलेत, बऱ्याच घरांत गोळ्यांचा डबा जेवणाच्या टेबलावर असतो. आणि मुलं मोठ्यांच्या हातात जे पाहतात, तेच मागतात. ठराव मी मांडते, अनुमोदन तुम्ही द्या.

सुवर्णमहोत्सवाला आपण सगळे जिने चढून गच्चीवर जमू, अशी विठ्ठलचरणी प्रार्थना करते आणि थांबते.