शस्त्रक्रियेनंतरचे ताट



मधुमेह हा विषय आज कोणत्याही घराला परका राहिलेला नाही. सकाळी दुकानाचे कुलूप उघडावे, दिवसभर गादीवर बसून व्यवहार करावा, गिऱ्हाइकाबरोबर चार वेळा चहा घ्यावा आणि रात्री हिशेब मिटवून घरी परतावे, अशा दिनक्रमात पायांना काम उरत नाही. पोटाभोवती चरबी साठते. शरीरात इन्शुलिन तयार होत असते, परंतु पेशी त्याचे ऐकेनाशा होतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन पुरवीत राहते आणि काही वर्षांनी थकते. यालाच दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात.

या व्याधीवर पोटाची शस्त्रक्रिया हा उपाय असू शकेल, असे पूर्वी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी 1966 साली जठराची बायपास शस्त्रक्रिया सुरू केली, ती केवळ अतिस्थूल रुग्णांचे वजन उतरावे म्हणून. पुढे नॉर्थ कॅरोलिनातील डॉ. वॉल्टर पोरीज यांनी 1995 साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. मधुमेह असलेल्या ज्या 146 रुग्णांची पुरेशी माहिती हाती होती, त्यांपैकी 121 जणांची साखर शस्त्रक्रियेनंतर प्राकृत झाली होती. त्यांच्या निबंधाचे शीर्षकच आश्चर्याचा उद्गार होते. वजन उतरण्यास महिने लागतात. साखर मात्र अनेकांत काही दिवसांतच खाली येते. अन्न कमी जाते हे एक कारण. शिवाय अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचते आणि तेथून जीएलपी-१ सारखी संप्रेरके अधिक स्रवतात.

आज मुख्यतः दोन शस्त्रक्रिया केल्या जातात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे 30 मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. कात्री चाललेल्या कापडाचा पुन्हा तागा होत नाही. येथेही तसेच समजावे. म्हणून हा निर्णय जाहिरात वाचून अथवा शेजाऱ्याचे वजन उतरलेले पाहून घेण्याचा नव्हे. 2016 साली अनेक देशांतील वैद्यकीय संघटनांनी मान्य केलेल्या शिफारशींनुसार, औषधांनी साखर आटोक्यात येत नसेल तर बॉडी मास इंडेक्स 30 पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. आशियाई लोकांसाठी ही मर्यादा 2.5 ने कमी, म्हणजे 27.5 धरली आहे. 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन 75 किलोच्या आसपास असले की हा आकडा येतो. अर्थात तो विचाराचा आरंभ होय, शस्त्रक्रियेचा आदेश नव्हे.

आता मुख्य प्रश्न : मधुमेह बरा होतो का? तज्ज्ञ हा शब्द टाळतात. साखरेची औषधे बंद करून किमान तीन महिने लोटल्यावरही एचबीए१सी 6.5 टक्क्यांच्या खाली राहिले, तर त्यास ते व्याधीची माघार म्हणतात. स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात दोन वर्षांनी सुमारे 72 टक्के रुग्णांत अशी माघार दिसली. पंधरा वर्षांनी ते प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया न केलेल्यांत पंधरा वर्षांनी ते जेमतेम साडेसहा टक्के होते. लाभ मोठा आहे, परंतु खाते बंद झालेले नाही; बाकी शून्य झाली आहे इतकेच. ज्यांचा मधुमेह जुना आहे आणि जे अनेक वर्षे इन्शुलिनवर आहेत, त्यांच्यात यशाची शक्यता कमी असते. हे शस्त्रक्रियेआधीच स्पष्टपणे विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे साधारणतः पातळ आहार, नंतर घोटलेला, मग मऊ आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. प्रत्येक रुग्णालयाची पद्धत थोडी निराळी असते. आपल्या डॉक्टरांनी दिलेला कागद प्रमाण मानावा. चार दिवस बरे वाटले म्हणून पोळी खाऊन पाहण्याचा मोह होतो आणि उलटीने त्याची शिक्षा मिळते.

पुढे आयुष्यभराचे ताट येते. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, अन्यथा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शाकाहारी घरात हे सोपे नाही. वरणाचे वरचे पाणी वाटीभर प्यायल्याने प्रथिने मिळाली असे समाधान अनेक माउलींना वाटते, पण ते खरे नव्हे. घट्ट डाळीच्या वाटीत सहा-सात ग्रॅमच असतात. हिशेब मांडून पाहावा : 100 ग्रॅम पनीर 18 ग्रॅम, कोरडे सोयाबीनचे तुकडे 30 ग्रॅम घेतले तर 15, पाव लिटर दूध 8, 200 ग्रॅम दही 7 आणि घट्ट डाळीच्या दोन वाट्या 14 अशी बेरीज 62 होते. हे सर्व एका बैठकीत मावणार नाही. पाच-सहा वेळा विभागून घ्यावे लागते. प्रथम पनीर-डाळ, मग भाजी आणि जागा उरली तर अर्धी फुलकी, असा क्रम असावा. आपल्याकडे ताट नेमके उलट्या क्रमाने संपते.

एक फसगत विशेष सांगण्यासारखी आहे. नीट न चावलेली पोळी किंवा कोरडे पनीर लहान पिशवीत अडकते. शेव, चिवडा, बिस्किटे, आइस्क्रीम आणि श्रीखंड मात्र विनातक्रार उतरतात. म्हणून रुग्ण नकळत त्यांच्याकडे वळतो, "जेवण जात नाही" म्हणत दिवसभर चरत राहतो आणि वजन व साखर दोन्ही परत येतात. बायपास झालेल्याने जिलेबी खाल्ली तर अर्ध्या तासात छाती धडधडणे, घाम, भोवळ, जुलाब असा प्रकार होऊ शकतो. कधी एक ते तीन तासांनी साखर एकाएकी खाली जाते. असे वारंवार घडले तर डॉक्टरांना कळवावे. जवळ गोळ्या-चॉकलेट बाळगून दिवस काढू नयेत.

पाणी जेवणाबरोबर नको; जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट प्यावे. दिवसभरात दीड लिटर तरी व्हावे. चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी हे प्रमाण पुरे करावयाचे तर सकाळपासूनच नेम लागतो. पहिल्या काही महिन्यांत उपवास शरीराला झेपत नाही. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना उपवास केल्यास साखर धोकादायक उतरू शकते, आणि लघवीवाटे साखर काढणाऱ्या नव्या गोळ्यांवर रक्तात आम्ल वाढण्याचे भय असते. पच्चक्खाणात आगार ठेवण्याची परंपरा आहे. आजारी माणसाने डॉक्टर आणि गुरुमहाराज दोघांनाही विचारावे, कोणापासूनही लपवू नये.

सर्वांत जास्त हेळसांड गोळ्यांची होते. जीवनसत्त्व ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर असावे. शाकाहारी माणसाचे ब-१२ मुळातच कमी, मेटफॉर्मिनने ते आणखी घटते, त्यात शस्त्रक्रियेची भर पडते. पायांना मुंग्या येऊ लागल्या की "मधुमेह आहेच" म्हणून घरचे स्वस्थ बसतात. कारण ब-१२ असेल तर वेळीच दिलेल्या इंजेक्शनांनी सुधारणा होते, उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. उलट्या थांबत नसतील तर थायमिन संपून मेंदूवर परिणाम होऊ शकतो. तेथे आठवडाभर वाट पाहणे चूक ठरते. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. बायपासनंतर त्यांनी जठराच्या जोडावर व्रण होतो. साखर प्राकृत असली तरी डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांची तपासणी दरवर्षी करावी. साखर झपाट्याने उतरताना काहींच्या डोळ्यांतील जुना दोष बळावतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीही नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन यावे.

राहता राहिला आग्रह. लग्नाच्या पंगतीत वधूपिता हातात पेढा घेऊन समोर उभा राहतो, "एकच, माझ्या नावाने" म्हणतो आणि चार माणसे पाहत असतात. नाही म्हटले तर अपमान वाटतो, हो म्हटले तर पुढचे दोन तास कोपऱ्यात डोके धरून बसावे लागते. काही कुटुंबांत आता ज्येष्ठ बंधूच आधी पुढे होऊन सांगतात, "यांना ताक द्या, बिनसाखरेचे." यजमान हसून ताक आणतात आणि पंगत पुढे सरकते.