मेपलच्या पाकाच्या वड्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावेत असा सर्वांचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. तेव्हा परदेशी शिकलेल्या एका पदार्थाविषयीच सांगते. तो जमला कसा, त्याआधी बिघडला कसा, तेही सांगते.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडात, टोरांटोजवळ गेले होते. मार्चमध्ये जावईबापूंनी आम्हांला मेपलची राई दाखवली. रात्री पाणी गोठते आणि दिवसा वितळते, असे दिवस आले की या झाडांतून रस वाहू लागतो. खोडाला लहानसे भोक पाडून तो बादलीत किंवा नळीने गोळा करतात. ही विद्या मूळची तिथल्या आदिवासींची. रस चाखला तर जवळजवळ पाणीच! शंभरात दोन भाग गोडी. असा सुमारे ४० लिटर रस आटवावा, तेव्हा १ लिटर पाक हाती येतो. त्या वाफेत उभी राहिले आणि मला माहेरचे, कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ आठवले. पाक दिसायला आपल्या काकवीसारखा, चव मात्र निराळी.

एप्रिलमध्ये नातू झाला. मुलीचे मन कशात रमेना. एक दिवस म्हणाली, "आई, मेपलच्या वड्या खाव्याशा वाटतात." तिने कृती मराठीत लिहून दिली आणि ती बाळाजवळ झोपली.

कागदावर लिहिले होते, "ओव्हन ३५० वर." मी मनात म्हटले, पोरीची चूक झाली. आपल्याकडे नानकटाई १८० वर होते. ३५० वर तर कोळसा होईल! तिला न उठवता मी १८० वर ठेवले. तासाने पाहते तो पीठ तसेच ओले. तिथल्या ओव्हनचे आकडे फॅरनहाइटचे असतात, हे मला कुठे ठाऊक? लाजेने सगळे कचऱ्याच्या डब्यात खाली दडवले. सांगितले, "सामान कमी पडले गं."

पण तिने डबा उघडलाच. वाटले, आता हसेल. तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "आई, मीही पहिल्या महिन्यात अशीच टाकून द्यायची. एकटी बसून रडायची."

मी म्हटले, "मग फोनवर सगळं छान चाललंय का म्हणायचीस?"

"तू काळजी करशील म्हणून."

मग दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून वड्या केल्या. त्यांची कृती अशी:

११५ ग्रॅम लोणी वितळवून त्यात २०० ग्रॅम तपकिरी साखर घोटावी. एक अंडे फेटून घालावे. १२५ ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि अर्धी वाटी अक्रोडाचे तुकडे हलक्या हाताने मिसळावेत. आठ इंची चौकोनी भांड्यात कागद घालून त्यावर हे पसरावे. आपल्या ओव्हनमध्ये १७५ वर सुमारे २५ मिनिटे भाजावे. मध्य किंचित मऊ असतानाच काढावे, नाहीतर वड्या कडक होतात. ३० ग्रॅम लोणी आणि ८० मिलिलिटर मेपलचा पाक मंद आचेवर गरम करून उतरवावा. त्यात १२० ग्रॅम चाळलेली पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घोटून वड्यांवर ओतावे. वड्या पूर्ण निवलेल्या हव्यात. गरम असल्या तर लेप आत मुरतो, वर राहत नाही. लेप सुकल्यावर वड्या कापाव्यात. इकडे मेपलचा पाक महाग पडतो. काकवी घेतली तर चव वेगळी येते, पण वडी छान होते.

भगिनींनो, माझी वडी सातवीच्या शिक्षणामुळे बिघडली नाही. न विचारण्यामुळे बिघडली. आपल्या दूर गेलेल्या लेकी "सगळं छान" म्हणतात, तेव्हा एकदा आपली फजिती त्यांना आधी सांगून पाहा. आता दर रविवारी आमची मुलगी फोनवर पहिल्यांदा बिघडलेले सांगते आणि मग जमलेले.